वळचणीचं पाणी

पुतण्याचं चाकांवरचं घर गुलमंडीपर्यंत पोचलंच नाही. पैठण गेटापासून त्याने फोन केला, "काका, आता पुढे कसं?" मी म्हटलं, "पुढे काही नाही. वळव आणि माघारी जा." टिळक पथावर संध्याकाळी सायकल हातात धरून चालणाऱ्याकडेही लोक रागाने बघतात, तिथे जीपच्या मागे जोडलेली सतरा फुटी पत्र्याची खोली कोण येऊ देणार? शेवटी ती गारखेड्यात एका स्नेह्याच्या मोकळ्या प्लॉटवर उभी राहिली आणि आम्हीच रिक्षा करून तिच्या दर्शनाला गेलो. मी, बायको आणि ब्याऐंशी वर्षांचे नाना.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, तिथे बसच्या बॉड्या बांधल्या जातात, हे गावात पुष्कळांना माहीत नसतं. वाळूजला १९८५ साली बजाज आली, २००१ साली शेंद्र्याला स्कोडा आली, आणि लोकांना वाटायला लागलं की शहरात गाड्या तेव्हापासून बनतात. नाना त्याच्या कितीतरी आधीपासून चिकलठाण्यातल्या एका खासगी शेडात ट्रकच्या आणि बसच्या सांगाड्यांवर पत्रे चढवत होते. हातावर अजून रिव्हेटच्या खुणा आहेत. पुतण्याने त्यांना खास बोलावलं होतं, कारण घर गळत होतं.

राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे खूळ होतं. नवी परवडेना, म्हणून कोणीतरी दहा वर्षं वापरलेली घेतली. आत छोटा ओटा, दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. जुलैत म्हैसमाळला मुक्काम केला आणि मध्यरात्री सूनबाईच्या उशाखालची गादी ओली लागली. मग पुण्यात एकाकडे दाखवली. त्याने छताच्या कडेने धावणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सगळ्या पट्ट्यांवरून सिलिकॉनची पांढरी रेघ ओढून दिली. पुढच्या पावसात पाणी पुन्हा आलं, फक्त जागा बदलून.

नानांनी त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. आत शिरून ते कोपऱ्यातल्या प्लायवर बोटाचं पेर वाजवत सरकत गेले. टक, टक, टक, आणि एका जागी आवाज एकदम बसला. तिथे अंगठा दाबला तर प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला.

"हे यंदाचं पाणी नाही," ते म्हणाले. "तीन पावसाळ्यांचं आहे. तुला आत्ता दिसलं, एवढंच."

ते पेर वाजवणं मी ओळखलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या वाड्यातल्या तुळया अशाच वाजवून बघायचे.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचा वाडा होता. फुलांचा बाजार म्हणून गुलमंडी, असं जुनी माणसं सांगत. माझ्या आठवणीतल्या गुलमंडीला मात्र मे महिन्याच्या अखेरीला डांबराचा वास यायचा. रोहिणी निघाल्या की सुपारी हनुमानाच्या आसपासच्या दुकानांपुढे ताडपत्र्या, गोणपाटाचे तागे, डांबराचे डबे आणि मेणकापडाच्या गुंडाळ्या येऊन पडत. मेणकापडाला आमच्या गल्लीत मोमजामा म्हणत, मराठी घरातही तोच शब्द. छत्र्यांच्या काड्या बसवणारे चाचा फरशीवर पथारी टाकत आणि त्यांच्यापुढे अख्ख्या गल्लीच्या काळ्या छत्र्या वटवाघळांसारख्या पडलेल्या असत. कोणाच्या पत्र्याला भोक पडलेलं असे, कोणाच्या न्हाणीचा पन्हाळ फुटलेला. खिडकीच्या काचेची पुट्टी लोक घरीच मळायचे: खडूची पूड आणि जवसाचं तेल, कणकेसारखं तिंबून. ते तिंबायला मला फार आवडे. हाताला दोन दिवस वास राही.

आणि आमचं धाबं. ज्यांनी मराठवाड्यातलं मातीचं धाबं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सागवानी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि त्यावर हातभर माती. सपाट. त्या मातीवर आम्ही उन्हाळाभर झोपायचो. माती कुठलीही चालत नसे. शेतातली काळी पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, धाब्यावर ती म्हणजे आत्मघात. लागते ती पांढरी, गावठाणातली, पडक्या भिंतींची. कुंभारवाड्यातून गाढवांच्या पाठीवर तिची पोती येत. मग चाळायची पोरांनी, पाणी आणायचं बायकांनी आणि चोपणी अण्णांच्या हातात. मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, दोन बोटं नवी माती पसरायची, पाणी शिंपायचं, चोपायची, पन्हाळांकडे उतार काढायचा. वर्षभरात उगवलेला आघाडा आणि गवत त्याआधी मुळासकट उपटायचं, कारण मूळ जिथे जातं तिथे पाणी जातं.

अण्णांचं लक्ष सपाट मातीकडे नसेच. तिथे आम्हां पोरांना नाचायलाही मुभा होती. ते उकिडवे बसत ते कडेला: भिंत आणि धाबं भेटतं तो कोपरा, पन्हाळ भिंतीतून बाहेर पडतो ती जागा, उजेडासाठी ठेवलेल्या सवण्याची कड. तिथे आधीचा चुना खरवडून, पाण्याने भिजवून, नव्या चुन्याची गोलाई भरायची. गवंडी तिला वाटा म्हणतात. या चुन्यात गुळाचं आणि मेथीचं पाणी पडे, म्हणून मुंग्या लागत आणि आजी ओरडे. काम झालं की अण्णा खाली येऊन माजघरातल्या मोठ्या तुळईवर गेरूने साल लिहीत. मला आठवतो तो सगळ्यात वरचा आकडा १९५१. त्याखाली एकाखाली एक, एकही साल न चुकता.

१९७२ साली धाब्याला माती पडली, पाऊस पडला नाही. त्या वर्षी वाडा एकदाही गळला नाही आणि आजी त्याच गोष्टीसाठी रडली. पुढच्या वर्षी पाऊस आला तेव्हा वर्षभर भाजून निघालेल्या मातीला वरून दिसणार नाहीत अशा भेगा गेल्या होत्या. देवघर सोडून सगळीकडे पाणी. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, पण अण्णा रात्री गोणपाट पांघरून वर चढायचे आणि कंदिलाच्या उजेडात ओल्या मातीचे गोळे थापत बसायचे. खाली आजीचा कारभार. कुठली धार कुठे पडते हे तिला पाठ होतं. परातीची जागा, बादलीची जागा, जर्मनच्या पातेल्याची जागा. भांडी हलवली तर ती अंधारातही ओळखे. झड लागली की चार-चार दिवस हे संगीत चाले आणि ती आम्हाला वाघाची गोष्ट सांगे: म्हातारी म्हणते, मला वाघाचं भय नाही, भय आहे ते टपटपीचं; आणि बाहेर दबा धरून बसलेला वाघ, ही टपटपी कोण आपल्याहून मोठी, म्हणून पळून जातो. लहानपणी आम्ही वाघाला हसायचो. पुढे घर चालवायला लागल्यावर त्या वाघाची अक्कल पटली.

तरीही धाब्याचं गुणगान मला करवत नाही. दर वर्षी दोन बोटं माती चढते आणि खालची कोणी काढत नाही, म्हणजे पन्नास वर्षांत डोक्यावर किती वजन झालं याचा हिशेब आमच्याकडे कोणीच केला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तो हिशेब झाला. दगडामातीच्या भिंती सुटल्या आणि गळू नये म्हणून पिढ्यान् पिढ्या जपलेली माती झोपलेल्या माणसांवर आली. अण्णांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, धाब्यावर गेले आणि काठीने माती किती खोल आहे ते मोजून आले. किती भरली ते कोणालाच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तुळईवर साल लिहिलं गेलं, पण त्या वर्षी माती चढवण्याऐवजी उतरवली होती.

वाडा २००४ साली पाडला. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने तुळया नेल्या, गेरूच्या आकड्यांसकट. त्या जागी चार मजली इमारत आली, तिसऱ्या मजल्यावर आम्ही. गच्चीला ब्रिकबॅट कोबा: विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, वर उतार काढून घोटलेला थर. ठेकेदाराने पाणी कोंडून दाखवलं आणि दहा वर्षांची हमी कागदावर लिहून दिली. त्या कागदाने आमची एक सवय मोडली. गच्चीची किल्ली वॉचमनकडे गेली आणि मृगाआधी वर जाऊन बघायचं असतं हेच सगळे विसरले. सहा वर्षांनी आमच्या बैठकीच्या खोलीत जगाच्या नकाशासारखा ओलाव्याचा डाग उमटला, तेव्हा वरच्यांनी गच्चीला दोष दिला, गच्चीने टाकीला आणि टाकीने प्लंबरला. गळतं कुठून, ते बघायला पहिले दोन महिने कोणी वर गेलंच नाही. सोसायटीची सभा मात्र तीनदा झाली.

आता मे महिन्यात गुलमंडीत डांबराचा वास येत नाही. छत्र्यांचे चाचा गेले, त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा बसतो. गळतीवर उपाय मागितला तर दुकानदार नळ्या काढून ठेवतो: सिलिकॉन, अ‍ॅक्रिलिक, पॉलियुरेथेन, शिवाय दोन रंगांचं कालवायचं एम-सील. गळतीला आता डॉक्टरही आहे, तोही टीव्हीवर येणारा. वस्तू तेव्हापेक्षा शंभर पटीने चांगल्या आहेत यात शंका नाही. जवसाच्या पुट्टीपेक्षा यातली कुठलीही नळी मी आज डोळे मिटून घेईन. पण दुकानदाराने मला जे विचारलं ते अण्णांना कोणी विचारलं नसतं: "पाच सालवाली दूं, या दस सालवाली?"

तर, गारखेड्याचा प्लॉट. नाना प्लॅस्टिकच्या खुर्चीत, डोक्याला उपरणं, आणि पुतण्या शिडीवर. नानांचा पहिला हुकूम असा की पुण्याचं सगळं सिलिकॉन खरवडून काढ. एवढ्या चांगल्या, चकचकीत रेघा! पुतण्या कळवळला. "अहो नानाआजोबा, त्याने वरून पाणी येणं तरी थांबलं असेल ना?"

"आलेलं जायचं थांबलं," नाना म्हणाले. "खालची कड कामून बुजवली? पाणी गेलंच आत, तर बाहेर यायला वाट नको का?"

छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा कोपऱ्यात भेटतात, तो सांधा झाकायला ही पट्टी असते. पट्टीत पन्हाळीसारखी खाच, खाचेत ओळीने स्क्रू, आणि स्क्रू दिसू नयेत म्हणून वरून व्हायनिलची रिबन दाबलेली. ही रिबन उन्हाने आखडते. टोकाला दोन-दोन इंच उघडं पडतं, खाचेत पाणी साचतं, स्क्रू गंजतो आणि मग स्क्रूच्या आट्यांचा जिना करून पाणी आतल्या लाकडी चौकटीत उतरतं. पट्टीवरून कितीही सिलिकॉन ओढा, ते हे वाहणं रोखू शकत नाही, कारण पट्टीच्या खालचा मूळ लेप वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखा झालेला असतो. आम्ही एका बाजूचे चौसष्ट स्क्रू काढले. त्यातले अकरा निम्मेच हाती आले.

आमच्याकडे अशक्य गोष्टीला म्हणतात, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही. नानांनी पन्नास वर्षं पत्रे चढवले आणि ही म्हण खोटी आहे असं त्यांचं ठाम मत आहे. दोन पत्र्यांमधली फट जितकी बारीक तितकं पाणी तिच्यात आपोआप वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. त्यातून गाडी ताशी ऐंशीने पावसातून चालली की वारा ते पाणी खालून वर लोटतो. उभ्या घराला पाऊस वरून येतो, चालत्या घराला समोरून आणि खालूनही येतो. "वाड्याला जेवढे शत्रू त्याच्या तिप्पट याला," नाना म्हणाले, आणि मग स्वतःशीच, "शिवाय हे रोज हलतं."

हलणं म्हणजे खड्डे एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता. अ‍ॅल्युमिनियम उन्हाने किती पसरतं याचा हिशेब मी शिडीखाली उभं राहून मोबाइलवर केला. पाच मीटरचा पत्रा, पहाटेच्या आणि भर दुपारच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक. पत्रा जवळपास सहा मिलिमीटरने वाढतो. आतलं लाकूड मात्र जवळजवळ आहे तिथेच राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात हवाच बेचाळीसला जाते, तापलेल्या पत्र्याला पन्नास अंशांचा चढउतार काहीच नाही. म्हणजे हा सांधा रोज श्वास घेतो आणि सोडतो. तिथे एम-सीलसारखं दगड होणारं काही भरलं तर ते आठवडाभरात तडकतं. म्हणून पट्टीखाली ब्युटाइलची टेप लावतात. ती कधी वाळतच नाही, वर्षानुवर्षं मळलेल्या कणकेसारखी राहते, पत्र्याबरोबर ताणते आणि त्याच्याबरोबर परत येते. मला जवसाची पुट्टी आठवली. तीही सुरुवातीला अशीच मऊ असे, पण हवेने तेल घट्ट झालं की पापडी. ब्युटाइल तसं घट्ट होत नाही, एवढाच काय तो फरक.

काम दोन दिवस चाललं. जुना लेप प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा, लोखंडाने नाही, पत्र्यावर ओरखडा उठतो. मग स्पिरिटने पुसायचं, आणि सिलिकॉनचा अंशही राहू द्यायचा नाही, कारण सिलिकॉन राहिलेल्या जागी दुसरं काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. हे पुसणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुजलेल्या प्लायचा तुकडा कापून नवा बसवला. ज्या भोकांत स्क्रू सैल झाले होते तिथे एक नंबर जाड, स्टेनलेस स्टीलचे घेतले. टेप लावून पट्टी दाबली आणि मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांकडे कसत गेलो. ब्युटाइल दोन्ही कडांनी बाहेर आलं. पुतण्या ते लगेच कापायला निघाला तर नानांनी थांबवलं: उद्यापर्यंत ते अजून येत राहील, उद्या काप. दुसऱ्या दिवशी कापून वरच्या कडेला पॉलियुरेथेनची बारीक रेघ ओढली. खिडक्यांच्या चौकटींना वर आणि दोन्ही बाजूंना. खाली मोकळं.

हे सगळं बघताना मला मलिक अंबरच्या नहरीची आठवण होत होती. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आमचं हेच गाव, वसवलं आणि नंतर त्याला जमिनीखालून पाणी आणलं. आम्ही शाळेत असताना सहल पाणचक्कीला जायची. गुरुजी सांगायचे ते मलिक अंबरच्या बुद्धीचं. माझ्या लक्षात राहिलं ते असं की त्या नहरीला जागोजाग आत उतरून बघता येईल अशी तोंडं ठेवली होती. म्हणजे बांधणाऱ्यानेच धरून चाललं होतं की पुढे कोणीतरी उतरणार आहे.

तपासणी नानांनी आपल्या पद्धतीने केली. पुतण्याला पाइपने पाणी मारून बघायचं होतं. नाना म्हणाले, मारायचं तर खालून सुरुवात कर आणि हळूहळू वर जा. वरून मारलंस तर सगळंच भिजेल आणि चोर सापडणार नाही. पण त्याआधी त्यांनी दुसरंच मागितलं: पानं उडवायचा ब्लोअर, बादलीभर पाणी आणि कपड्यांचा साबण. दारं-खिडक्या बंद करून, एका झडपेतून ब्लोअर आत सोडला, बाकीच्या झडपा चिकटपट्टीने बुजवल्या, आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचा फेस फासला. परदेशात या कामाची म्हणून वेगळी यंत्रं मिळतात. पण मला तर समोर पैठण गेटाजवळचं सायकलचं दुकान दिसायला लागलं. घमेल्यात पाणी, पाण्यात ट्यूब, मालकाच्या तोंडात बिडी आणि एका जागेवरून निघालेली बुडबुड्यांची माळ. बसच्या सांध्यांनाही नाना हेच करत असणार.

नव्या पट्टीवर एकही बुडबुडा नाही. मागच्या दिव्याच्या चौकटीपाशी मात्र फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. त्या दिव्याचा कोणालाच संशय नव्हता. गादी ओली व्हायची त्या जागेपासून तो दहा फूट लांब. नाना खुर्चीतून उठून जवळ गेले आणि त्या बुडबुड्याकडे असे काही बघत राहिले की जणू नातवंडच बोललं.

दिवा काढून, खालची चौकट साफ करून पुन्हा बसवेपर्यंत अंधार पडला. मग पुतण्याने विचारलं, आता किती वर्षं बघायला नको? दुकानदाराने सांगितलेली दहा वर्षं त्याच्या डोक्यात होती.

नानांनी उत्तर दिलं नाही. सूनबाईकडे मार्कर मागितला. कपाटाचं दार उघडून, आतल्या बाजूला, अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली. अक्षर अण्णांच्यासारखं नाही, त्यांचं जरा तिरकं आहे. मार्कर परत देताना सूनबाई म्हणाली, "एवढ्या वर कशाला लिहिलंत आजोबा, मधे लिहायचं की."

"खाली जागा लागते," नाना म्हणाले, आणि रिक्षा आली का ते बघायला बाहेर गेले.